वाळवंटातील गोल्फ आणि लातूरकराचा प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत फिनिक्स येथे नोकरीस आहे. येत्या हिवाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून, तेथील सार्वजनिक गोल्फ मैदान तो आम्हांला दाखवणार आहे. बाहेरच्या माणसाला तेथे खेळता येते का? सोयी कोणत्या असतात? आणि वाळवंटात एवढी हिरवळ कोणत्या पाण्यावर जगते? २०१६ साली रेल्वेने आलेले पाणी प्यायलो आहोत, म्हणून हे विचारतो.
— एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : खेळता येते. फिनिक्सचे पापागो मैदान १९६३ पासून शहराच्या मालकीचे आहे. अशा मैदानावर सभासदत्व लागत नाही, वेळ आगाऊ नोंदवून शुल्क भरले की पुरते. मात्र हिवाळा हा तेथील ऐन हंगाम असल्याने दर चढे असतात आणि सकाळच्या वेळा लवकर भरतात. क्लब (चेंडू टोलवायच्या काठ्या) व बॅटरीवरची गाडी भाड्याने मिळते, उपाहारगृहही असते. आपण नवखे असाल तर अठरा होलच्या (चेंडू घालायच्या खड्ड्यांच्या) फेरीच्या फंदात न पडता ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे नुसते चेंडू टोलवण्याच्या सरावाच्या जागी, बादलीभर चेंडू घेऊन तासभर सराव करावा. आनंद तेवढ्यातही मिळतो. चेंडू झुडपात गेला तर सोडून द्यावा, तेथे हात घालू नये, कारण त्या भागात विषारी खुळखुळे साप असतात.

आता पाणी. फिनिक्सला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. उन्हाळ्यात तेथे जे बर्म्युडा गवत असते, ते आपल्या शेतकऱ्याला खुरपून खुरपून जेरीस आणणाऱ्या हरळीचेच भावंड. थंडीत ते पिवळे पडते, म्हणून शरद ऋतूत मैदान काही आठवडे बंद ठेवून त्यावर राय गवताचे बी पेरतात. एवढा खटाटोप करून अठरा होलच्या मैदानाला दिवसाला सरासरी सुमारे १५ लाख लिटर पाणी लागते. लातूरला मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होते, हे आपल्याला सांगायला नको.

तरीही सरसकट दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. फिनिक्स ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनाने १९८० साली भूजल कायदा करून मोठ्या हिरवळींच्या पाण्यावर मर्यादा घातली. त्यामुळे चेंडू जेथे पडतो तेवढ्याच पट्ट्यात गवत ठेवून मधली जमीन निवडुंग आणि मेस्किट (आपल्या वेड्या बाभळीचे नातेवाईक) यांच्यावर सोडण्याची रीत रुजली, आणि अनेक मैदाने शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर चालू लागली. भूजल उपसून खेळासाठी गवत पोसणे मला अजिबात मान्य नाही. पण शहराने वापरलेले पाणी स्वच्छ करून सर्वांना खुल्या असलेल्या मैदानाला दिले, तर त्यात गैर काही दिसत नाही. मैदान पाहताना मुलाला एवढे जरूर विचारायला सांगा, की येथे पाणी कोणते येते आणि किती एकरांवर फिरते.

गवताशिवायही हा खेळ होतो. ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी या ओपल रत्नांच्या खाणींच्या गावात मैदानावर हिरवे पातेही नाही. खेळाडू कृत्रिम गवताचा लहानसा तुकडा सोबत बाळगतात, चेंडू त्यावर ठेवून टोलवतात, आणि होलभोवती तेल मिसळलेली वाळू दाबून सपाट केलेली असते. मराठवाड्यात कोणी असे मैदान काढायचे म्हटले, तर मी फिनिक्सऐवजी कूबर पेडीकडे बोट दाखवीन.