जूनच्या सुरुवातीला आम्ही पाच जण, त्यात दोन मुली, काजवे बघायला भंडारदऱ्याला तंबूत राहणार आहोत, पहिलीच वेळ आहे, बिबट्या-सापांपासून सेफ कसं राहायचं? की कॅरॅव्हॅन घेणं बरं?

बिबट्याचं टेन्शन आधी काढून टाका. आहे तो त्या भागात, नाही असं नाही, सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा पट्टा आहे तो, पण पाच जण तंबू लावून गप्पा हाणत बसलेत तिथे तो मुद्दाम येत नाही. खरकटं आणि चिकनची हाडं तंबूपाशी टाकू नका कारण त्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो, रात्री लघवीला एकट्याने लांब झाडीत जाऊ नका, झालं.

तुमच्या प्रश्नात पाण्याचा उल्लेखच नाही आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. जूनच्या सुरुवातीला धरण खाली गेलेलं असतं, काठाची बरीच जमीन उघडी पडते, ती दिसायला मस्त सपाट, वाळून भेगा पडलेली, आणि फोटोसाठी सगळे तिथेच जातात. पण पाण्याच्या कडेला तो गाळ वरून वाळलेला आणि आत लोण्यासारखा असतो, पाय घोट्यापर्यंत जातो, मग गुडघ्यापर्यंत, आणि तोल गेला की माणूस सरळ पुढे पाण्यात. धरणाचा तळ म्हणजे स्विमिंग टँक नाही हो, खाली जुनी शेतं, बांध, नाले सगळं तसंच आहे, चार पावलं कमरेएवढं पाणी आणि पाचव्याला तळच नाही. पवना धरणात दरवर्षी पोरं बुडतात ती अशीच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत असतं. त्यात दोन पेग झालेले असले की बघायलाच नको. माझा नियम साधा आहे, दारू पिणाऱ्याने त्या दिवशी पाण्यात पाय पण घालायचा नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो, आणि अंधार पडल्यावर कोणीच नाही. आणि कोणी गटांगळ्या खायला लागलाच तर मागोमाग उडी मारू नका, एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं जातात ते यामुळेच. तुमच्याकडे प्यायच्या पाण्याचा मोठा कॅन असेलच, तो रिकामा करून झाकण घट्ट लावून फेका, तो तरंगतो आणि माणसाला धरून ठेवतो, जोडीला पंधरा-वीस मीटर दोरी गाडीत असू द्या.

तंबू ओढ्यात, नाल्याच्या पात्रात किंवा सांदण दरीच्या (साम्रदजवळची अरुंद घळ) तोंडाशी लावायचा नाही, कितीही कोरडं दिसलं तरी. पाऊस तुमच्या डोक्यावरच पडायला पाहिजे असं नाही, वर रतनगडाच्या अंगाला कोसळला तरी खाली लोंढा येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल, पाणी किती वेळात वाढलं ते त्यात दिसतं. गावातल्या माणसाला सरळ विचारा की दादा इथे पाणी कुठपर्यंत येतं. खरं तर मी म्हणेन पहिल्या वेळेला शेंडी, रतनवाडी, साम्रद यातल्या कुठल्यातरी गावात कोणाच्या अंगणातच तंबू टाका, त्यांना पैसे द्या, जेवण त्यांच्याच हातचं खा, टॉयलेटची सोय होते, तुमच्यात दोन मुली आहेत म्हणताय तर त्यांनाही निवांत, आणि रात्री काही झालं तर हाक मारायला माणूस आहे. तसंही अभयारण्यात वाट्टेल तिथे तंबू ठोकता येत नाही, वनखात्याच्या चौकीवर विचारूनच मुक्काम ठरवा.

आता काजव्यांच्या सीझनचा खास त्रास म्हणजे वळवाचा पाऊस. दुपारपर्यंत कडक ऊन आणि संध्याकाळी अचानक काळं करून येतं, वारा असा सुटतो की तंबू माणसांसकट हलतो. म्हणून सगळ्या खुंट्या तिरक्या ठोका, दोऱ्या ताणून बांधा, आणि वठलेल्या फांद्यांच्या झाडाखाली झोपू नका. वीज मात्र सिरियसली घ्या. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, ३० च्या आत गडगडलं म्हणजे ती १० किलोमीटरच्या आत आहे, तंबू सोडा आणि गाडीत जाऊन काचा वर करून बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. तंबू विजेपासून काहीही वाचवत नाही, एकटं मोठं झाड तर त्याहून वाईट. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी नावाचं ॲप आहे ते घरूनच टाकून घ्या, पण तिथे नेटवर्क येईलच असं नाही तेव्हा कान आणि डोळे उघडे ठेवा.

आणि आता ज्यासाठी मी मुळात हे उत्तर लिहायला घेतलं ते. पाऊस आला की पब्लिक काय करतं, बार्बेक्यूची शेगडी उचलून तंबूत घेतं, किंवा जेवण झाल्यावर निखारे राहिलेत तर उबेला आत ठेवतं. अजिबात नाही. धूर येत नाही म्हणजे काही नाही असं वाटतं, उलट ज्वाळा विझून नुसते लाल निखारे राहतात तेव्हा कार्बन मोनॉक्साईड भरपूर सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजनच पोचत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि कॅम्पिंगला गेलेला माणूस म्हणतो प्रवासाने दमलोय किंवा दारू चढली, आणि झोपतो. पावसाने भिजलेलं तंबूचं कापड हवा अजूनच अडवतं. चेन थोडी उघडी ठेवली तर चालेल का असं विचारू नका, नाही चालणार.

कॅरॅव्हॅनचं पण तेच, म्हणून ती जास्त सेफ असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघं जण मृत सापडले, एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साईड आत शिरला होता. भाड्याने घेणार असाल तर जनरेटर कुठे बसवलाय, त्याचा धूर कुठल्या बाजूला निघतो, खालच्या पत्र्याला भोकं आहेत का हे वाकून बघा, आणि आत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म नसेल तर ऑनलाईन मिळतो तो स्वतः घेऊन जा. झोपताना जनरेटर बंद. साध्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणाऱ्यांना पण हेच लागू.

साप. पहिल्या पावसात ते बाहेर येतात हे खरं. चालताना पायात बूट, हातात टॉर्च (काजव्यांसाठी लाईट बंद ठेवायचे असतातच, तेव्हा टॉर्चला लाल कागद लावा आणि उजेड फक्त पायापाशी पाडा, झाडावर नको). तंबू तळ शिवलेलाच हवा आणि चेन कायम बंद, पाच मिनिटं बाहेर गेलात तरी. मला नागापेक्षा मण्याराची जास्त धास्ती वाटते, तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि बऱ्याचदा ना सूज ना धड खूण. पहाटे कोणाच्या पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली तर ॲसिडिटी म्हणून गोळी देऊन झोपवू नका, सरळ दवाखाना. आवळून बांधणं, ब्लेड मारणं, तोंडाने ओढणं, मांत्रिक, सगळं बाद. अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय फ्रॅक्चर झाल्यासारखा न हलवता ठेवा, चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि निघा. साप पकडून न्यायची गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. जातानाच राजूर किंवा अकोले (तालुक्याचं गाव, विदर्भातलं अकोला नाही) इथल्या सरकारी दवाखान्यात लस आहे का ते विचारून ठेवा.

विंचू बुटात आणि लाकडांच्या ढिगात असतो, बूट झटकूनच घाला. लाल विंचू चावल्यावर नुसतं दुखत असेल तर ठीक, पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडले तर वेळ घालवू नका. यावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, तेव्हापासून लोक वाचायला लागलेत, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं, पर्समध्ये गोळी ठेवून स्वतः नाही.

राहिला फोन. घाटात रेंज जाते, म्हणून निघायच्या आधी घरी एकाला गावाचं नाव, ज्याच्या अंगणात राहताय त्याचा नंबर, गाडीचा नंबर आणि परत कधी येणार ते लिहून पाठवा. मॅप ऑफलाईन डाउनलोड करा, १०८ आणि ११२ सगळ्यांना पाठ पाहिजेत, आणि तुमच्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर लागतो. पाचांपैकी एक जण न पिणारा आणि गाडी चालवता येणारा ठेवा, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावा, किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या.