वाचकांचे प्रश्न : जपानी तलवारीची लोखंडी चकती

प्रश्न : मी फाउंड्रीतून निवृत्त झालेला कामगार आहे. जपानी तलवारीच्या पात्याच्या आणि मुठीच्या मध्ये बसणारी लोखंडी चकती, म्हणजे ‘त्सुबा’, मी नुकतीच मुंबईतून विकत घेतली. व्यास साडेसात सेंटिमीटर आहे, कडेला लाल गंज आहे आणि मधल्या छिद्रात कोणीतरी तांब्याचे तुकडे ठोकून बसवले आहेत. ॲसिडने गंज काढून आणि तांबे उचकटून ती मूळ रूपात आणावी का? ती घडीव आहे की ओतीव, हे कसे ओळखावे? तपासणीसाठी जपानला पाठवता येईल का?
– एक वाचक, किर्लोस्करवाडी (जि. सांगली)

उत्तर : ॲसिडची बाटली आधी कपाटात ठेवावी आणि मगच पुढचे वाचावे. ज्या दोन गोष्टी आपल्याला दोष वाटतात, त्यांतली तांब्याची गोष्ट दोष नाही, आणि गंजाची गोष्ट अर्धीच दोष आहे.

आपल्याकडे तलवारीची मूठ पात्यावर लाखेने पक्की बसवत असत. जपानी मूठ बांबूच्या एका खुंटीवर अडकवलेली असते आणि खुंटी काढली की सुटी होते. त्यामुळे एकच चकती दोन-तीन पिढ्यांत वेगवेगळ्या पात्यांवर चढत असे आणि दर वेळी छिद्र नव्या पात्याच्या जाडीला जुळवून घ्यावे लागे. त्यासाठी छिद्राच्या टोकांना मऊ तांबे बसवत, म्हणजे चकती हलत नसे आणि पात्याचे लोखंड चकतीच्या लोखंडावर घासतही नसे. या तांब्याला ‘सेकिगाने’ म्हणतात. छिद्राभोवती छिन्नीचे बारीक ठोके दिसत असतील, तर तेही बहुधा छिद्र आवळण्यासाठीच मारलेले असतात. आपली चकती खरोखर तलवारीवर राहिली होती याची ही खूण असताना ती उचकटून टाकणे म्हणजे जुन्या खरेदीखतावरचे शिक्के खोडून टाकण्यासारखे होईल.

गंजाविषयी. लोखंडावर काळसर-तपकिरी, किंचित तुकतुकीत झाक असते. ती कारागिराने मुद्दाम चढवलेली असते, पुढे हाताळण्याने आणि काळाने ती मुरते, आणि जाणकार पैसे मोजतो ते मुख्यतः त्या झाकेचे. ॲसिड, वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर लाल गंजाबरोबर तीही काढून नेतो. मागे उरते करडे, उघडे लोखंड, आणि ते भरून निघत नाही. (पितळेची भांडी घासणारी चिंच आणि लिंबूही याच वर्गात धरावीत, कारण घरातील कोणी तरी प्रेमाने हा उपाय सुचवणारच.) लाल गंजाचे सुटे ठिपके बांबूच्या टोकदार कामटीने किंवा हाडाच्या तुकड्याने हलकेच खरवडावेत आणि नंतर सुती कापडाने रोज थोडा वेळ पुसत राहावे. जपानी पुस्तकांत हरणाचे शिंग आणि हस्तिदंत सुचवलेले आढळते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो विचारही करू नये. हे काम काही महिने चालते. सातारा-सांगलीकडच्या पावसाळ्यात चकती प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून न ठेवता डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी.

घडीव की ओतीव, हे आपण बहुतेक वाचकांपेक्षा लवकर ओळखाल. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन नक्षीच्या आरपार छिद्रांच्या आतल्या भिंती पाहाव्यात. घडीव चकतीत त्या कानशीने कापलेल्या, सरळ आणि धारदार कोनांच्या असतात. ओतीव नकलेत कोपरे गोलसर असतात, पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत आणि बारीक छिद्रांचा असतो, आणि कधी कधी साच्याच्या जोडाची रेष राहून जाते. दोऱ्याला टांगून लाकडाने टिचकी मारण्याची चाचणी लोकप्रिय आहे, पण एकट्या नादावर विसंबू नये. सहीवर तर मुळीच विसंबू नये: नोबुइए आणि कानेइए या नामांकित कारागिरांच्या नावांच्या खोट्या सह्या विपुल आहेत, आणि ओवारी, आकासाका यांसारख्या परंपरांतील अनेक उत्तम चकत्या मुळातच सहीविना आहेत.

या वस्तू जपानबाहेर इतक्या आल्या, त्याचे मोठे कारण १८७६ चा आदेश होय. त्याने सामान्य सामुराईंना तलवार बाळगून बाहेर पडण्यास बंदी झाली, चकत्यांना गिऱ्हाईक उरले नाही आणि त्या युरोप-अमेरिकेत विकल्या गेल्या. पुढे परदेशी गिऱ्हाइकांसाठी ओतीव नकलाही निघाल्या. कारागीर फुलदाण्या आणि शोभेच्या वस्तूंकडे वळले. मिरजेतल्या शिकलगारांची हत्यारांची कामे घटल्यावर त्यांतील काही घराणी सतारी बनवू लागली, ते येथे आठवल्यावाचून राहत नाही.

तपासणीविषयी मात्र निराशा करावी लागते. टोकियोतील जपानी कला-तलवार जतन संस्था, जी १९४८ मध्ये स्थापन झाली, अशा वस्तूंना प्रमाणपत्र देते. पण भारतातील १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर किंवा अधिक वर्षे जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि ती मूळची परदेशी असल्याने त्यात सूट मिळत नाही.

प्रश्न : माझे आजोबा लष्करात होते. १९४५ च्या सुमारास त्यांनी ब्रह्मदेशातून जपानी तलवारीची चकती आणली, असे घरात सांगतात. ती पिवळ्या धातूची असून तिच्यावर पाच पाकळ्यांची फुले आहेत. ती किती जुनी असावी?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : वर्णनावरून ही सामुराईंच्या काळातील लोखंडी चकती वाटत नाही. जपानी लष्कराने १९३४ मध्ये अधिकाऱ्यांसाठी ठरवलेल्या तलवारीची चकती पितळेची आणि चेरीच्या फुलांची असे. तिच्यावर जुळणीसाठी आकडेही अनेकदा ठोकलेले आढळतात, ते पाहावेत. पाते घरात असल्यास त्याला शस्त्र कायदा लागू होतो, म्हणून जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करावी, आणि ते फेकून मात्र देऊ नये, कारण काही अधिकारी घराण्यातले जुने पातेच लष्करी मुठीत बसवून घेत असत. आजोबांची पलटण, हुद्दा आणि परतल्याचे साल कागदावर लिहून तो कागद चकतीसोबत ठेवावा.