पगार कमी पडतो म्हणून शेत विकू नका

ताई, तुमच्या अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी मिस्टरांचा पगार थोडा कमी भरतोय म्हणून खानापूरचं शेत विकायला काढू नका. आय-८६४ फॉर्मला, म्हणजे तुम्हाला सांभाळायची हमी मिस्टर ज्यावर देतात त्याला, अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं, तुम्हालाही कुटुंबात मोजून. तूट राहिली तर तिथं राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे मिस्टरांच्या जोडीला हमी देणारा, चालतो. सासरे निपाणीत राहतात, त्यांना होता येत नाही. मिस्टर नागरिक आहेत, त्यामुळे मालमत्ता दाखवायची तर तुटीच्या तिप्पट, तीही वर्षाच्या आत रोख होणारी. उताऱ्यावर सगळ्या चुलत्यांची नावं असलेली जमीन मी तरी दाखवणार नाही. तुमच्या नावची एफडी कितीतरी बरी. जॉइंट स्पॉन्सरला मात्र आधीच स्पष्ट सांगा, ही कायदेशीर हमी आहे, घटस्फोट झाला तरी सुटत नाही. आणि तो मिळाला तरी मिस्टरांना स्वतःचा फॉर्म भरावाच लागतो.