इंग्लंडमधल्या जुन्या बाजारात मिळणारी स्टर्लिंग चांदी खरी कशी ओळखायची? ती घरात रोज वापरता येते का?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच इंग्लंडला आलात, कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, काळपटलेले चमचे, साखरेचे चिमटे दिसतात, घ्यावेसे वाटतात पण फसायची भीती वाटते. आणि घेतले तर ते कपाटात ठेवायचे की वापरायचे? माझं उत्तर: घ्या आणि वापरा. मी बर्मिंगहॅमला राहते आणि आमच्या चहात रोज सकाळी जो चमचा फिरतो तो माझ्या पणजीहून वयाने मोठा आहे.

पहिला चमचा घेतला तेव्हा आईला फोनवर सांगितलं, "मागे नांगराचा शिक्का आहे." ती म्हणाली, "शेतकऱ्याच्या घरचा होता का गं?" जहाजाचा नांगर म्हटल्यावर तिला आणखीच नवल वाटलं, कारण बर्मिंगहॅमला समुद्र कुठे आहे? नाहीच. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन गावांना चांदी तपासून शिक्का मारायचा हक्क मिळाला. त्यासाठी खटपट करणारी मंडळी लंडनमध्ये 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत जमायची आणि तिथल्या पाटीवरूनच एका गावाने मुकुट उचलला, दुसऱ्याने नांगर, असं सांगतात. शेफील्डचा मुकुट १९७५ पासून गुलाब झाला. आमचा नांगर अजून आहे.

तर ओळखायचं कसं? एक छोटं भिंग खिशात ठेवा. चमच्याच्या दांड्यामागे ओळीने चार-पाच बारीक शिक्के दिसतील. त्यात आधी सिंह शोधा. डावीकडे तोंड करून चाललेला, एक पंजा उचललेला. तो दिसला की स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. मग गाव: नांगर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड लंडन. एक अक्षर असतं ते वर्षाचं. तेच अक्षर वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा येतं, म्हणून नुसतं अक्षर पाहून चालत नाही, त्याचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार तक्त्याशी ताडून पाहायचा. उरलेली आद्याक्षरं घडवणाऱ्याची. राजाराणीचा चेहराही कोरलेला असेल तर वस्तू बहुधा १७८४ ते १८९० मधली, कारण त्या काळात चांदीवर कर होता आणि तो भरल्याची ती खूण.

आता माझी फजिती ऐका. दुसऱ्याच महिन्यात एक सुंदर टोस्ट रॅक, म्हणजे भाजलेल्या पावाचे काप उभे ठेवायची चौकट, घेतला. मागे चार छोट्या ढाली, त्यात वळणदार जुन्या लिपीत अक्षरं. घरी येऊन भिंगाखाली धरली तर ई.पी.एन.एस.! म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. विकणाऱ्याने 'चांदी' हा शब्द उच्चारलाच नव्हता, मीच मनात म्हटला होता. गंमत म्हणजे ही मुलाम्याची कलाही आमच्याच गावची. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्या रॅकमध्ये आता विजेची बिलं आणि शाळेच्या चिठ्ठ्या उभ्या राहतात आणि झकास राहतात.

वजनाचं गणितही आपल्या सवयीने करू नका. मेणबत्तीची घरं आणि सुऱ्यांच्या मुठी आतून राळेने किंवा डांबरासारख्या लुकणाने भरलेल्या असतात, वर चांदीचा पातळ पत्रा. हातात जड लागतं, पण चांदी थोडीच. चमच्यात मात्र लपवालपवी नाही. चहाचा चमचा साधारण एक-दीड तोळ्याचा. वजन गुणिले ०.९२५, गुणिले दिवसाचा भाव, एवढं तोंडी करून घासाघीस करायची. चहादाणीच्या दांड्यात पांढऱ्या चकत्या दिसल्या तर जरा थांबा. चांदी भराभर तापते, म्हणून हात भाजू नये यासाठी दांड्यात हस्तिदंत घालत. २०२२ पासून इथे हस्तिदंत असलेली वस्तू नोंदणीशिवाय किंवा सूट मिळाल्याशिवाय विकता येत नाही, आणि भारतात न्यायची तर वेगळंच लचांड.

वापराचं म्हणाल तर इंग्रजांनी ती कशासाठी केली होती याचा फार विचार करू नका. क्रीम ओतायच्या चिमुकल्या चांदीच्या भांड्यातून आम्ही पुरणपोळीवर तूप सोडतो. धार अशी बारीक पडते की आपल्या तुपाच्या वाटीला जमणार नाही. फक्त तूप कोमट हवं, नाहीतर दांडा धरवत नाही. निळ्या काचेची वाटी बसवलेली दोन मीठदाणं आहेत, ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघतात. एकात हळद, एकात कुंकू. निळ्या काचेत कुंकू काय दिसतं म्हणून सांगू! त्या काचेचंही कारण आहे. मीठ चांदीला खातं. मी एकदा काच नसलेल्या मीठदाण्यात रात्रभर मीठ ठेवलं, दमट हवा होती, सकाळी तळाला काळे ठिपके. घासून डाग गेले, बारीक खड्डे राहिले. म्हणून लोणचं चांदीत नाही. अंड्याने चमचा काळा पडतो तो गंधकामुळे, त्यात नुकसान काही नाही.

धुवायला गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि लगेच कोरडा पंचा. डिशवॉशरमध्ये घालू नका. सुरीची मूठ आतून सैल होते आणि तिथली पावडर कडक असते. काळपटपणा फारच झाला तर ताटात अॅल्युमिनियमची फॉइल, वर चमचे, खायचा सोडा, उकळतं पाणी. कुजक्या अंड्यासारखा वास येईल, तो चांदीला चिकटलेला गंधक सुटतोय. पण नक्षीकाम असेल तर हे करू नका, खाचांतला काळेपणा गेला की नक्षी दिसेनाशी होते. आणि टूथपेस्ट नको! माझ्या आईने कौतुकाने दोन चमचे टूथपेस्टने लख्ख केले. त्यातल्या मुलाम्याच्या चमच्याखालून पिवळट धातू डोकावायला लागला. तिला अजून सांगितलेलं नाही. ठेवताना रबरबँड आणि लोकर लांब, जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळायचं. रोज वापरातले चमचे मात्र काळे पडायला सवडच मिळत नाही.

संच शोधत बसू नका. जुळणाऱ्या सहांच्या डबीला लोक जास्त पैसे मागतात, सुटे चमचे त्याच टेबलावर टोपलीत पडलेले असतात. त्यांच्यावर कोणाची तरी आद्याक्षरं असली की भाव आणखी उतरतो, आणि मला नेमके तेच आवडतात. माझ्या सहांवर सहा वेगळी नावं आहेत. 'एम. डब्ल्यू.' कोरलेल्याच्या टोकाची डावी कड झिजलीय. उजव्या हाताने कपाचा तळ खरवडत राहिलं की तशी झिजते. तो चमचा माझ्या डावखुऱ्या मुलाकडे आहे.