न्यूझीलंडचं दूध इंग्लंड सोडून चीनला कसं गेलं, आणि आपल्याला त्याचं काय?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यावर माझा पगार अवलंबून आहे.

नगर जिल्ह्यातल्या एका पावडर प्लँटमध्ये मी दूध खरेदी बघतो. महिन्यातून दोन मंगळवारी संध्याकाळी आमचे साहेब मोबाईलवर ग्लोबल डेअरी ट्रेडच्या लिलावाचे आकडे बघत बसतात. फॉन्टेरा या तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी कंपनीने 2008 मध्ये सुरू केलेला हा ऑनलाइन लिलाव. तिथे पावडरीचा भाव पडला की आपली बाहेर खपत नाही, गोदामात पोत्यांच्या थप्प्या चढतात, आणि थोड्याच दिवसांत संकलन केंद्रावर 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असलेल्या दुधाचा दर उतरतो. फळ्यावर खडूने नवा दर लिहिणारा पोरगा शिव्या खातो. त्या बिचाऱ्याने वाइकाटो या न्यूझीलंडच्या दूधपट्ट्याचं नावही ऐकलेलं नसतं.

न्यूझीलंडचं दूध आपल्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही. पण आपण आपलं जवळपास सगळं पिऊन टाकतो आणि ते 95 टक्के बाहेर विकतात. म्हणून जगाचा दर तिथे ठरतो.

आता इंग्लंड. 1882 मध्ये ‘डनेडिन’ हे गोठवण यंत्र बसवलेलं जहाज पोर्ट चाल्मर्सहून लंडनला गेलं. माल मुख्यतः मटण, सोबत थोडं लोणी. त्यानंतर ऐंशीएक वर्षं त्यांना दुसरं गिऱ्हाईक शोधायची फारशी गरज पडली नाही. दुसऱ्या महायुद्धापासून 1954 पर्यंत तर ब्रिटिश सरकारच घाऊक माल उचलत होतं. 1 जानेवारी 1973 ला ब्रिटन युरोपीय समुदायात, म्हणजे बाहेरच्या मालाला अडसर घालणाऱ्या युरोपच्या सामायिक बाजारात गेला. त्याआधी 1971 मध्ये लक्झेंबर्गला घासाघीस करून न्यूझीलंडने लोणी-चीजसाठी काही वर्षांचा कोटा पदरात पाडून घेतला, म्हणून दार एकदम आपटलं नाही, फट बारीक होत गेली.

मग विकायचं काय आणि कुठे? माझ्या मते हे सगळं तिथल्या गवताने ठरवलं. त्यांच्या गाई मुरघास-पेंडीवर बांधलेल्या नसतात, रानात चरतात. गवताशी मेळ घालायचा म्हणून कळपच्या कळप जुलै-ऑगस्टमध्ये वितात, ऑक्टोबरच्या सुमारास दुधाचा पूर येतो आणि जूनमध्ये बहुतेक गाई आटलेल्या. पन्नास लाखांच्या देशात हा पूर पिणार कोण? पावडर केल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि पावडर घेणार तो, ज्याच्या घरी दूध कमी: आग्नेय आशिया, श्रीलंका, अल्जीरिया, आणि मग चीन.

चीनशी मुक्त व्यापाराचा करार एप्रिल 2008 मध्ये झाला. त्याच वर्षी तिथे बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे प्लॅस्टिक बनवायचं रसायन सापडलं, तान्ही मुलं दगावली. त्यातल्या सानलू कंपनीत फॉन्टेराचाच 43 टक्के हिस्सा होता. तरीही चिनी आयांचा देशी पावडरीवरचा विश्वास उडाला आणि परदेशीवर बसला. मागणी इतकी वाढली की 2014 च्या सुरुवातीला टनाला 5,000 डॉलरच्या आसपास भाव होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो 1,600 च्याही खाली. चीनची गोदामं भरलेली, रशियाने युरोपचा माल अडवलेला, युरोपने दूध उत्पादनावरचा कोटा उठवलेला, सगळं एकदमच आलं. न्यूझीलंडमध्ये शेतकऱ्याला लिटरवर नाही, फॅट आणि प्रोटीनच्या किलोवर पैसे मिळतात. तो दर एका हंगामात 8.40 न्यूझीलंड डॉलरवरून 4.40 वर आला. आपल्याकडे असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी टँकर रस्त्यावर ओतले असते.

आणि सगळं चीनला जातं हेही खरं नाही, साधारण एक तृतीयांश जातं. जानेवारी 2024 पासून तिथला न्यूझीलंडच्या पावडरीवरचा शेवटचा आयातकरही गेला, पण तोवर चीनने स्वतःचे मोठमोठे गोठे उभे केले होते आणि जन्मदर घसरला होता. आता न्यूझीलंड तिथे बेकऱ्या नि चहाच्या दुकानांना क्रीम, पिझ्झ्याला मोझरेला विकण्यावर जोर देतंय.

इंग्लंडचं विचारलंत म्हणून एक राहिलं. तिथल्या दुकानांत ‘अँकर’ लोणी अजूनही मिळतं, वाइकाटोत 1886 मध्ये सुरू झालेलं नाव. 2012 पासून मात्र ते आर्ला ही युरोपातली सहकारी संस्था इंग्लंडमध्येच बनवते, इंग्लंडच्याच गाईंच्या दुधाचं.