मुलीला पुण्यातल्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळतंय. मुलींची फी खरंच माफ होते का?

हो, माफ होते, आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजातही होते. पण तिचा प्रवेश कॅप फेरीतूनच (म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच) झालेला हवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केलंय (आधी ५० टक्के होतं). कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी हवं, आणि मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली हवी. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या जागेला सवलत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात येत नाहीत, आणि पुण्यात ती इतकी आहेत की पर्याय भरण्याआधी प्रत्येक नाव तपासाच.

मी प्रवेशाचे अर्ज भरून देते. पालक अडकतात ते बहुतेक वेळा उत्पन्नाच्या दाखल्यावर. तहसीलचा दाखला आजच काढायला टाका. सवलतीसाठी महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज दरवर्षी करावा लागतो, तेव्हा दुसऱ्या वर्षी विसरू नका.

एक मात्र धरून चाला: डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस यात नाही. बाहेरगावहून येत असाल तर खरा खर्च तिथंच आहे. पण तेवढ्यासाठी तिला गावातल्याच कॉलेजात, नको त्या शाखेत घालू नका.