उद्योजक आहात का विचारलं की सगळे नाही म्हणतात

प्रश्न : ताई, मी पुण्यात एमए करतेय, सध्या दोन महिने नैरोबीत फील्डवर्कला आलेय, विषय तरुणांचे छोटे धंदे. गिकोंबा मार्केटमध्ये ४० फॉर्म भरून झालेत पण 'तुम्ही उद्योजक आहात का' याला बहुतेक जण नाही म्हणतात, आणि महिन्याची कमाई विचारली की गप्प तरी बसतात नाहीतर गोल आकडा सांगतात. माझं सॅम्पल चुकलंय का? गाईड म्हणतात अजून १०० फॉर्म भर.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, सॅम्पल ठीक आहे, प्रश्न चुकलाय. हाच फॉर्म घेऊन अजून १०० जणांकडे अजिबात जाऊ नकोस.

मितुंबाची म्हणजे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांची गाठ घ्यायची आणि एकेक शर्ट सुटा विकायचा, असं करणारा पोरगा स्वतःला उद्योजक कशाला म्हणेल? तो म्हणणार मी हसल करतो, म्हणजे मिळेल ती खटपट करून पोट भरतो. नैरोबीतल्याच कामुकुंजीत पत्रा ठोकून पेट्या, शेगड्या बनवणारे आहेत ना, ते जुआ काली, स्वाहिलीत अर्थ कडक ऊन, कारण काम उघड्यावर उन्हात. हे शब्द फॉर्ममध्ये आण, बिआशारा म्हणजे धंदा हा तर सगळ्यांनाच कळतो. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा केनियावर रिपोर्ट आला आणि त्यातूनच 'अनौपचारिक क्षेत्र' हा शब्द जगभर गेला, आणि त्याच देशातल्या पोरांना आपण आपला पुस्तकी शब्द लावून 'नाही' म्हणायला लावतोय, मला हे खरंच खटकतं.

कमाईचं म्हणशील तर महिन्याचा हिशोब ठेवतंय कोण तिथे! कालचं विचार. काल किती नग गेले, घरी किती नेले, परत मालात किती घातले. एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ पासून आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना स्वतःचे मेसेज बघून नेमकं सांगता येईल, पण फोन तू हातात मागू नकोस, स्क्रीनचा फोटो तर नाहीच नाही. आणि चामाबद्दल नक्की विचार, ती आपली भिशीच समज, भांडवल कुठून आलं ते बऱ्याचदा तिथे कळतं.

लोक गप्प का बसतात तेही बघ. सरकारचा हसलर फंड २०२२ मध्ये आला, मोबाईलवर ५०० शिलिंगपासून कर्ज, मग कागद घेऊन आलेली बाई कर्ज देणारी की वसुलीवाली असं कुणाच्या मनात आलं तर नवल नाही, म्हणून मी विद्यार्थिनी आहे, माझ्याकडून पैसे मिळणार नाहीत हे पहिल्याच वाक्यात सांग. शिवाय रस्त्यावर विकणाऱ्यांना कांजोची, म्हणजे काउंटीच्या माणसांची धास्ती असते, आपल्याकडे फेरीवाल्यांना म्युनिसिपालिटीच्या गाडीची असते तशीच. वहीत नाव, जागा काही लिहू नकोस, फॉर्मवर फक्त अनुक्रमांक टाक. नॅकॉस्टीचं, म्हणजे केनियाच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचं, रिसर्च लायसन्स काढलंयस असं धरते, नसेल तर ते हातात येईपर्यंत काम थांबव.

भरलेले फॉर्म फेकू नकोस हं. 'नाही' म्हणणाऱ्यांतल्या पाच-सहा जणांना विचारून परत जा, सकाळी गाठ फोडताना जा, दिवसभर बाजूला बस, गिऱ्हाईक आलं की तोंड बंद. मग हे सगळं लिहून गाईडना दाखव, आणि तरी ते १०० वरच अडले तर मला परत लिही.